अ‍ॅरेतला दुसरा बिघाड

बँका, विमा कंपन्या, रुग्णालये आणि मोठे कारखाने ज्या स्टोरेज अ‍ॅरेवर (अनेक डिस्क एकत्र जोडलेल्या यंत्रावर) आपला सगळा डेटा ठेवतात, त्याच्या देखभालीविषयी लोकांची कल्पना साधारणपणे अशी असते की रॅकमध्ये कोठेतरी केशरी दिवा लागतो, कंपनीचा इंजिनिअर नवी डिस्क घेऊन येतो, जुनी ओढून काढतो, नवी आत सरकवतो आणि रिपोर्टवर सही घेऊन निघून जातो. हे सगळे घडते, यात खोटे काही नाही. परंतु नवी मुंबईतल्या डेटा सेंटरांमध्ये बरीच वर्षे हेच काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की डिस्क बदलणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. अ‍ॅरे बांधणाऱ्यांनी एक बिघाड गृहीतच धरलेला असतो आणि त्या एका बिघाडाने डेटा जात नाही. डेटा जातो तो दुसऱ्या बिघाडाने, आणि हा दुसरा बिघाड पुष्कळदा पहिल्याच्या आधीपासूनच आत दडून बसलेला असतो. त्याला वेळेवर हुडकून काढणे, एवढेच देखभालीचे खरे काम आहे.

१९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी ‘रेड’ची, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून एखादी बिघडली तरी डेटा टिकवण्याची, कल्पना मांडताना केलेला हिशेब आजही प्रत्येक नव्या इंजिनिअरने कागदावर करून पाहावा असा आहे. एका डिस्कचे सरासरी आयुष्य ३०,००० तास धरले आणि अशा १०० डिस्क एकत्र जोडल्या, तर त्यांपैकी एखादी सरासरी दर ३०० तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच बंद पडणार. म्हणून जादा डिस्कवर पॅरिटी, म्हणजे इतर डिस्कवरच्या माहितीवरून काढलेली पूरक माहिती, ठेवायची, गेलेल्या डिस्कवरची माहिती उरलेल्या डिस्कवरून पुन्हा काढायची आणि दुरुस्ती पुरी होईपर्यंत काम चालू ठेवायचे. या मांडणीला दोन आधार होते. डिस्क एकमेकींशी संबंध नसल्यासारख्या बिघडतात हा एक, आणि बिघडलेली डिस्क लवकर भरून निघते हा दुसरा. पुढच्या काळात हे दोन्ही आधार ढिले पडले, आणि माझ्या कामातील बहुतेक चिंता या दोन ठिकाणांहूनच येतात.

वेळेचा हिशेब सरळ आहे. २० टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट या वेगाने, मध्ये एकदाही न थांबता भरत गेले, तरी एक लाख सेकंद, म्हणजे सुमारे २८ तास लागतात. प्रत्यक्षात अ‍ॅरेवर दिवसभर व्यवहार चालू असतात, त्यांना प्राधान्य दिले जाते आणि रीबिल्डला, म्हणजे गेलेल्या डिस्कवरची माहिती पुन्हा भरण्याच्या कामाला, उरलासुरला वेळ मिळतो, त्यामुळे दोन-चार दिवस सहज जातात. त्यातच रीबिल्ड म्हणजे गटातील उरलेली प्रत्येक डिस्क पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा माहितीचा छोटा कप्पा) शेवटच्या सेक्टरपर्यंत वाचणे. मोठ्या क्षमतेच्या ‘नियरलाइन’ डिस्कच्या माहितीपत्रकात १० च्या पंधराव्या घाताइतके बिट वाचताना जास्तीत जास्त एक सेक्टर वाचता न येण्याची शक्यता सांगितलेली असते, म्हणजे साधारण १२५ टेराबाइटमागे एक. आठ डिस्कच्या रेड-५ (एकच पॅरिटी असलेल्या) गटात एक गेली की उरलेल्या सातांवरून १४० टेराबाइट वाचावे लागतात. कागदावरचा आकडा ही वरची मर्यादा असते आणि प्रत्यक्षात डिस्क त्याहून बऱ्या वागतात, हे खरे आहे. तरीही एवढ्या मोठ्या डिस्कवर आजही रेड-५ ठेवणाऱ्या ग्राहकाला मी लेखी कळवतो आणि त्याची पोच घेतो. दोन पॅरिटी असलेले रेड-६ या परिस्थितीत चैन राहिलेले नाही, आणि मोकळी जागा सगळ्या डिस्कवर विखरून ठेवणाऱ्या नव्या पद्धतींत रीबिल्डचे काम एका डिस्कवर न अडता सर्वांत वाटले जात असल्याने ते बरेच लवकर आटोपते.

वाचता न येणारा सेक्टर हा दडलेल्या बिघाडाचा सर्वांत स्वच्छ नमुना आहे. डिस्क चालू असते, दिवा हिरवा असतो, आणि कोपऱ्यातील एखाद्या सेक्टरला वर्षभर कोणी हात लावलेला नसल्यामुळे तो खराब झाल्याचे कोणालाच ठाऊक नसते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे १५ लाख ३० हजार डिस्कवर ३२ महिने लक्ष ठेवले गेले, तेव्हा ३.४५ टक्के डिस्कवर असे सुप्त दोष सापडले. त्यांवरचा उपाय म्हणजे स्क्रबिंग: अ‍ॅरेने सवड मिळेल तशी प्रत्येक डिस्क पूर्ण वाचायची, चेकसम (माहिती बिघडलेली नाही हे ताडण्याचा आकडा) आणि पॅरिटी जुळतात की नाही ते पाहायचे आणि जो सेक्टर वाचता येत नाही तो इतर डिस्कवरून काढून दुसऱ्या जागी लिहायचा. हे काम पार्श्वभूमीवर आपोआप चालते आणि म्हणूनच ते बंद पडले तरी कोणाच्या लक्षात येत नाही. महिनाअखेरीचे काम संथ झाले म्हणून कोणीतरी स्क्रबिंग ‘तात्पुरते’ थांबवतो, पुढे त्या माणसाची बदली होते आणि ती नोंद त्याच्याबरोबर जाते. कोणत्याही नव्या साइटचा ताबा घेताना मी आधी डिस्कची यादी मागत नाही, शेवटचे स्क्रबिंग कोणत्या तारखेला पूर्ण झाले ते पाहतो. उत्तर देताना समोरचा माणूस स्क्रीनकडे न बघता छताकडे बघू लागला, तर पुढच्या आठवड्याचे काम मला तेथेच कळते.

डिस्कच्या आयुष्याविषयी माहितीपत्रकांवर फार विसंबू नये. दहा लाख तासांचे सरासरी आयुष्य म्हणजे वर्षाला जेमतेम ०.८८ टक्के डिस्क जाव्यात, असा अर्थ निघतो. बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी २००७ मध्ये सुमारे एक लाख डिस्कच्या प्रत्यक्ष नोंदी तपासल्या, तेव्हा वर्षाला २ ते ४ टक्के डिस्क बदलाव्या लागणे ही सर्रास गोष्ट असल्याचे दिसले आणि काही ठिकाणी हे प्रमाण १३ टक्क्यांपर्यंत गेले होते. त्याच वर्षी गूगलच्या संशोधकांनी त्यांच्याकडील एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला. डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत पहिला स्कॅन एरर आल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता तसा एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट असते, असे त्यांना आढळले. मात्र बंद पडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कनी महत्त्वाच्या मानल्या गेलेल्या चार इशाऱ्यांपैकी एकही दिलेला नव्हता. मी यातून घेतलेला धडा व्यवहारी आहे: डिस्कने इशारा दिला की ती चालू असतानाच तिच्यावरचा डेटा हॉट स्पेअरवर, म्हणजे आधीच बसवून ठेवलेल्या राखीव डिस्कवर, उतरवून घ्यावा, आणि इशारा नसलेल्या डिस्कविषयी कोणालाही भरवसा देऊ नये.

डिस्कपेक्षा जोडण्यांकडे अधिक लक्ष द्यावे, असे मी सोबतच्या तरुणांना सांगतो तेव्हा त्यांना ते म्हाताऱ्याचे खूळ वाटते. २००८ मध्ये सुमारे ३९,००० स्टोरेज यंत्रणा आणि १८ लाख डिस्क यांच्या ४४ महिन्यांच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासात, स्टोरेजच्या एकूण बिघाडांत डिस्कचा वाटा २० ते ५५ टक्के होता आणि केबल, शेल्फ (डिस्क बसवायची पेटी), एचबीए (स्टोरेजशी जोडणारे कार्ड) यांसारख्या जोडण्यांचा वाटा २७ ते ६८ टक्के होता. दोन स्वतंत्र मार्ग असलेल्या यंत्रणांमध्ये बिघाडांचे प्रमाण ३० ते ४० टक्क्यांनी कमी होते. अर्थात दुसरा मार्ग खरोखर चालू असेल तरच. अशा दुहेरी मार्गांचा, म्हणजे मल्टिपाथिंगचा, गुण आणि दोष एकच आहे: एक मार्ग तुटला तरी सर्व्हरला काही जाणवत नाही, म्हणून तो तुटलेला मार्ग महिनोन्‌महिने तसाच राहतो. विजेचेही तसेच. प्रत्येक शेल्फला दोन पॉवर सप्लाय असतात आणि त्यांचा एक प्लग ‘ए’ फीडवर (विजेच्या एका वाहिनीवर), दुसरा ‘बी’ फीडवर असायला हवा, पण रॅकमध्ये जागा नव्हती म्हणून दोन्ही एकाच पीडीयूवर (रॅकमधील वीजपट्टीवर) लावलेले मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहेत. नकाशात ते वेगळे दाखवलेले असतात. म्हणून नकाशा बाजूला ठेवून वायर हाताने धरून प्लगपर्यंत जावे.

आता इशाऱ्यांविषयी, कारण सर्वांत जास्त नुकसान मी येथे होताना पाहिले आहे. स्वतःहून कंपनीला बिघाड कळवणाऱ्या अ‍ॅरे १९९० च्या दशकापासून आहेत, आणि त्या काळातील ईएमसी कंपनीची सिमेट्रिक्स ही स्टोरेज यंत्रे त्यासाठी चक्क मोडेमवरून फोन लावत असत. आज हे काम बहुतेक ठिकाणी ईमेल किंवा इंटरनेटवरील सुरक्षित जोडणीतून होते आणि ती वाट फार नाजूक असते. एका ग्राहकाकडे कार्यालयाचा मेल सर्व्हर बदलून सगळी टपाल-व्यवस्था क्लाउडवर गेली, आणि जुन्या सर्व्हरचा पत्ता अ‍ॅरेच्या सेटिंगमध्ये तसाच राहिला. त्यानंतर एक डिस्क गेली, हॉट स्पेअरने तिची जागा घेतली, रीबिल्डही व्यवस्थित पार पडला, आणि यांपैकी एकाही गोष्टीची मेल कोणाला पोचली नाही. पुढे दुसरी डिस्क गेली तेव्हा घ्यायला स्पेअरच उरलेली नव्हती. रात्रपाळीचा सुरक्षारक्षक सकाळी ऑपरेटरला म्हणाला, “साहेब, त्या पेटीवर आता दोन दिवे पेटलेत, आधी एकच होता.” रेड-६ असल्यामुळे डेटा वाचला. यंत्राने आपले सर्व कर्तव्य केले होते आणि तरी त्या ग्राहकाचा डेटा त्या रक्षकाच्या निरीक्षणशक्तीवर अवलंबून होता. तेव्हापासून प्रत्येक भेटीत अ‍ॅरेवरून चाचणीची मेल पाठवून ती योग्य माणसाच्या फोनवर आलेली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मी जागा सोडत नाही.

कॅश मेमरीच्या बॅटरीबद्दल थोडक्यात सांगतो. अ‍ॅरे लिहिण्याची मागणी प्रथम कॅश मेमरीत, म्हणजे वेगवान तात्पुरत्या मेमरीत, घेतो, दुसऱ्या कंट्रोलरच्या (डिस्कचा कारभार चालवणाऱ्या संगणकाच्या) मेमरीत तिची प्रत ठेवतो आणि डिस्कवर जाण्याची वाट न पाहता सर्व्हरला ‘लिहिले’ असे कळवतो. वीज गेल्यास ही मेमरी जिवंत ठेवणे, किंवा तिच्यातील डेटा फ्लॅशवर अथवा ठरावीक डिस्कवर उतरेपर्यंत कंट्रोलरला वीज पुरवणे, हे बॅटरीचे काम आहे. बॅटरी दुबळी झाली की बहुतेक अ‍ॅरे सावधपणे कॅश मेमरीचा हा वापर बंद करतात आणि प्रत्येक लेखन थेट डिस्कपर्यंत नेतात. मग तक्रार येते ती ‘डेटाबेस अचानक संथ झाला’ अशी, आणि डेटाबेसवाले आठवडाभर क्वेरी तपासत बसतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली होती. असा दिवस पुन्हा येणार नाही, असे समजून बॅटरीची मुदत पुढे ढकलणाऱ्यांना मी ही तारीख सांगतो.

डिस्क स्वतंत्रपणे बिघडतात या गृहीतकाला सर्वांत मोठा धक्का मात्र फर्मवेअरने, म्हणजे डिस्कच्या आतच चालणाऱ्या प्रोग्रामने, दिला. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई (ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइझ) कंपनीने जाहीर केले की त्यांच्या काही एसएएस जोडणीच्या एसएसडींमध्ये (फिरता भाग नसलेल्या, चिपांवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कमध्ये) असा दोष आहे की चालू असल्याचे एकूण ३२,७६८ तास पुरे होताच त्या कायमच्या बंद पडतील आणि त्यांवरील डेटाही परत मिळणार नाही. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात, आणि काळाच्या भाषेत ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. पुढच्याच मार्चमध्ये आणखी काही मॉडेलांसाठी ४०,००० तासांच्या मर्यादेची तशीच सूचना आली. एकाच दिवशी एकाच खोक्यातून काढून एकाच अ‍ॅरेत बसवलेल्या डिस्कचे तास जवळजवळ सारखेच भरत असतात, त्यामुळे वेळेवर फर्मवेअर बदलले नाही तर त्या एकापाठोपाठ एक जाणार आणि तेथे पॅरिटी दोन असो वा तीन, काही उपयोग नाही. ‘चालते आहे ना, मग हात कशाला लावायचा’ हे आमच्या धंद्यातील आवडते वाक्य आहे आणि कंट्रोलरच्या मोठ्या आवृत्तीबदलाबाबत मी काही प्रमाणात ते मानतोही. कोणतीही नवी आवृत्ती निघाल्यावर पहिल्याच महिन्यात ती चढवण्याची घाई मी करत नाही. परंतु डिस्कच्या फर्मवेअरविषयीच्या सूचना दर महिन्याला वाचणे आणि त्यांतील मॉडेल क्रमांक आपल्या यादीशी ताडून पाहणे, यातून कोणालाही सुटका नाही.

हार्ड डिस्क हे शेवटी फिरते यंत्र आहे आणि भोवतालचे सगळे तिला जाणवते. सन मायक्रोसिस्टिम्समधील ब्रेंडन ग्रेग यांनी २००८ च्या सुमारास एका डिस्क-शेल्फसमोर जोराने ओरडून दाखवले होते आणि त्या आवाजाच्या कंपनांनी डिस्कचा प्रतिसाद किती मंदावतो ते आलेखावर लगेच दिसले होते. सप्टेंबर २०१६ मध्ये बुखारेस्ट येथील आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवणाऱ्या वायूची चाचणी घेताना वायू सुटण्याचा आवाज इतका मोठा झाला की हार्ड डिस्क निकामी झाल्या आणि बँकेच्या सेवा कित्येक तास बंद राहिल्या. आपल्याकडे याचा संबंध खंडेनवमीशी येतो. रॅकची पूजा करायला माझा विरोध नाही, मीही हात जोडतो. पण सर्व्हर हॉलमध्ये उदबत्ती लावू देत नाही, कारण तेथील धूरशोधक डोळ्यांना न दिसणारा धूरही पकडतात, आणि झेंडूचा हार रॅकच्या जाळीदार दारावर न घालता बाजूच्या खांबाला बांधायला सांगतो. हळद-कुंकवाची बोटे दाराबाहेरच्या पाटीवर उमटली तरी पुरते.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील हवेचा प्रश्न याहून गंभीर आणि कमी चर्चेचा आहे. रासायनिक कारखाने, खाडी आणि उघडे नाले यांच्यामुळे हवेत गंधकाची संयुगे येतात, पावसाळ्यात आर्द्रतेची त्यांना जोड मिळते आणि सर्किट बोर्डावरील तांबे व चांदी गंजू लागतात. २००६ नंतर युरोपच्या नियमांमुळे सोल्डरमधून शिसे गेले, चांदीचा वापर वाढला, तेव्हापासून ही तक्रार अधिक दिसू लागली. डेटा सेंटरमध्ये तांब्याच्या आणि चांदीच्या पट्ट्या महिनाभर टांगून ठेवून हवा तपासतात, आणि तांब्यावर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमहून (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) व चांदीवर २०० अँगस्ट्रॉमहून कमी थर चढला तर ती हवा सौम्य मानली जाते. कोणत्याही एका डिस्कचा दोष नसताना एकाच शेल्फमध्ये वारंवार एरर येत असतील, तर नवे पार्ट मागवण्याआधी या पट्ट्यांचा अहवाल मागवावा.

हातांनी होणारे घोटाळे निराळेच. शेल्फमधील जागांची मोजणी शून्यापासून होते, काही शेल्फांत डावीकडून उजवीकडे आणि काहींत ओळीओळीने खाली, त्यामुळे फोनवरून ‘चौथी डिस्क काढ’ असे कधीही सांगू नये. कंट्रोलरवरून त्या डिस्कचा लोकेट दिवा लावावा, समोरच्या माणसाला तिचा सीरियल क्रमांक वाचायला लावावा आणि तो यादीतील क्रमांकाशी जुळल्यावरच हात घालू द्यावा. हॉट स्पेअरवरचा रीबिल्ड चालू असताना केशरी दिव्याच्या डिस्कशेजारची चांगली डिस्क ओढली गेली, तर पहिला बिघाड आणि दुसरा बिघाड यांच्यात काही सेकंदांचेच अंतर उरते. काढताना डिस्क थोडी बाहेर ओढून तबकड्या थांबेपर्यंत अर्धा मिनिट थांबावे. गेलेली डिस्क बँका सहसा परत देत नाहीत, ती नष्ट करण्यासाठी स्वतःकडेच ठेवून घेतात, त्याची नोंद केसमध्ये, म्हणजे कंपनीकडच्या तक्रारीच्या नोंदीत, आधीच करावी, नाही तर गेट पासपाशी तासभर जातो.

पार्ट मिळेना म्हणून मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून तेवढ्याच क्षमतेची डिस्क आणून बसवण्याची कल्पना अजूनही कोणाच्या तरी डोक्यात येते. अनेक अ‍ॅरेंमधील डिस्क ५१२ ऐवजी ५२० बाइटच्या सेक्टरांत बांधलेल्या असतात, त्या जादा आठ बाइटांत चेकसमची माहिती राहते, आणि कंट्रोलर डिस्कचे फर्मवेअरही तपासतो. बाजारातील डिस्क तेथे बसते, फिरते, आणि कंट्रोलर तिला ओळख देत नाही.

सर्वांत जपून करायचे काम म्हणजे जुना अ‍ॅरे पूर्ण बंद करून दुसरीकडे हलवणे. पाच-सहा वर्षे अखंड फिरत असलेल्या डिस्क एकदा थांबून थंड झाल्या की त्यांतील काही पुन्हा फिरतच नाहीत, आणि एकाच गटातील तीन डिस्क अशा निघाल्या तर रेड-६ सुद्धा हात टेकते. त्यामुळे हलवण्याच्या आठवड्यात एक पूर्ण स्क्रबिंग, बॅकअपमधून प्रत्यक्ष परत काढून पाहिलेला डेटा, प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना चिठ्ठी आणि डिस्कच्या जागांचे फोटो एवढे हाताशी असावे लागते. काही अ‍ॅरेंमध्ये पहिल्या काही डिस्कवर खुद्द कंट्रोलरची प्रणाली राहते, त्यांची अदलाबदल झाली तर यंत्र सुरूच होत नाही. बंद करताना आधी सर्व्हर, मग कंट्रोलर, शेवटी शेल्फ. सुरू करताना नेमके उलटे, आणि कंट्रोलरला वीज देण्याआधी शेल्फमधील सर्व डिस्क फिरू लागल्याची खात्री. ग्राहक हे काम नेहमी शनिवारच्या रात्रीला ठेवतात आणि रविवारी पार्टच्या गोदामात कोणी फोन उचलत नाही, म्हणून त्याच मॉडेलच्या निदान दोन डिस्क शुक्रवारी दुपारपर्यंत साइटवर पोचल्याशिवाय मी चेंजच्या, म्हणजे या बदलाच्या परवानगीच्या, अर्जावर सही करत नाही.